दफ्तराची भाषा आणि एक संन्यासी

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. त्यानंतर मराठवाड्यातील कचेऱ्यांमधून एक मोठी शोधमोहीम सुरू झाली. मराठा कुटुंबांच्या कुणबी म्हणून झालेल्या जुन्या नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेले दफ्तराचे रुमाल सोडले गेले. आतले कितीतरी कागद निघाले मोडीत आणि उर्दूत. मग मोडी वाचणाऱ्यांची आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली. ज्यांच्या पणजोबांचे नाव त्या कागदावर होते, त्यांच्यापुढे कागद धरला तरी त्यांना ते नाव वाचता येत नव्हते.

आरक्षणाच्या प्रश्नाचा निकाल काय लागायचा तो लागो. तो आजच्या लेखाचा विषय नाही. पण या शोधामुळे एक जुनी गोष्ट पुन्हा समोर आली. राज्य कोणत्या भाषेत लिहिते यावर प्रजेचे पुष्कळ काही अवलंबून असते, आणि त्याचा हिशेब दोन-तीन पिढ्या उलटल्या तरी चुकता होत नाही. ही गोष्ट ज्यांनी फार लवकर ओळखली आणि मराठी, तेलुगू व कानडी या तीनही भाषांच्या लोकांना त्यांच्या भाषेतले राज्य मिळावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, ते स्वामी रामानंद तीर्थ. दरवर्षी १७ सप्टेंबरला त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ साली त्यांचे नाव देण्यात आले. निजामाविरुद्धच्या लढ्याचे सेनापती म्हणून आपण त्यांना ओळखतो. भाषेच्या अंगाने मात्र त्यांचे चरित्र क्वचितच सांगितले जाते.

ते समजून घ्यायचे तर आधी जुने हैदराबाद संस्थान डोळ्यांसमोर आणले पाहिजे. सोळा जिल्हे, सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख आणि १९४१ च्या सुमारास दीड कोटीहून जास्त लोकसंख्या. त्यात जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलणारे, साधारण चौथा हिस्सा मराठी बोलणारा आणि दहा-बारा टक्के कानडी. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी होती. १८८० नंतरच्या दशकात तिच्या जागी उर्दू आली. उर्दू ही मातृभाषा असणाऱ्यांची संख्या कानडी बोलणाऱ्यांच्या आगेमागेच होती. म्हणजे दर दहा माणसांतल्या आठांहून अधिकांना आपल्याच सरकारशी बोलण्यासाठी दुसऱ्याची भाषा उसनी घ्यावी लागत होती.

आपल्या जालन्याचेच पाहा. आजचा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. निजामी अमलात हा सारा भाग एका अंगाने व्यापारी आणि दुसऱ्या अंगाने अगदी मुका होता. एकोणिसाव्या शतकात जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तिथे इंग्रजी चाले. कचेरीत उर्दू. पेढीवर मोडी आणि मारवाडी. घरात, शेतात आणि देवळात मराठी. जालना सोने का पालना असे लोक म्हणत. पण त्या पाळण्यातल्या बहुतेकांना आपल्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. आजही आपल्या बोलण्यात त्या काळाच्या खुणा आहेत. खासरा, बेबाकी, पेशकार, दरखास्त हे शब्द मराठवाड्याच्या शेतकऱ्याला जितके सहज कळतात तितके पुण्याच्या माणसाला कळत नाहीत. शब्द आले याचे दुःख नाही. त्यांनी आपली भाषा श्रीमंतच केली. दुःख हे की शब्द आले तेव्हा त्यांच्यामागे वाचता न येणारे संपूर्ण दफ्तर होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्या काळात इंग्रजी मुलखात उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजीच असे समीकरण होते, त्या काळात हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे माध्यम उर्दू ठरले. इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला, पण शिकवायचे उर्दूतून. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले. शास्त्रांची, कायद्याची, वैद्यकाची पुस्तके उर्दूत आली. डॉक्टर आणि इंजिनिअर उर्दूतून शिकून बाहेर पडू लागले. तिकडे मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला पुन्हा नुसती एका विषयाची जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झटावे लागले होते. हे लक्षात घेतले म्हणजे उस्मानियाचे धाडस किती मोठे होते ते कळते. भारतीय भाषेला इंग्रजीच्या मांडीला मांडी लावून बसता येते, हे त्या विद्यापीठाने सिद्ध केले. फक्त ती भाषा राज्यकर्त्यांची होती. परतूरच्या किंवा वरंगळच्या शेतकऱ्याच्या मुलाला इंग्रजी जितकी परकी, तितकीच विद्यापीठाच्या वर्गातली उर्दू परकी.

अशा या संस्थानाच्या राजकारणात जो माणूस पुढे सर्वांत मोठा झाला, त्याचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी आजच्या कर्नाटकातल्या मुलखात झाला. नाव व्यंकटेश, आडनाव खेडगीकर. घरची परिस्थिती बेताची. मराठी आणि कानडी जिथे एकमेकींत मिसळतात त्या पट्ट्यातले हे घराणे. भाषेची सीमा ही भिंत नसून बांध असतो आणि बांधावरून दोन्ही शेते दिसतात, हे अशा मुलखातल्या मुलाला शिकवावे लागत नाही. सोलापूरला शिकत असतानाच असहकाराची हाक आली आणि व्यंकटेशाने सरकारी शाळा सोडली. पुढचे शिक्षण राष्ट्रीय शिक्षणाच्या संस्थांतून झाले आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली. लोकशाहीची वाढ हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यानंतर काही काळ त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले. मुंबईच्या कामगार चळवळीने त्यांना संघटना म्हणजे काय ते शिकवले, आणि अतिश्रमाने शरीर खचवलेही.

१९२९ साली ते हिप्परग्याला आले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले हे लहानसे गाव. तिथे १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालत होती. त्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. आज हिप्परग्याचे नाव आपण तीर्थक्षेत्रासारखे घेतो, पण त्या काळी तिथे काय होते? मातीच्या भिंती, थोडी मुले आणि डोक्यावर सतत संशयाची तलवार. निजामी राज्यात खासगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. खालच्या वर्गांत मातृभाषा चालत असली तरी मूल जसजसे वर जाई तसतशी उर्दू अपरिहार्य होई. त्यामुळे मराठीतून शिकवणारी शाळा चालवणे हे शिक्षण तर होतेच, पण सरकारच्या नजरेत ते राजकारणही होते. खेडगीकर गुरुजींना या दोन गोष्टी वेगळ्या कधी वाटल्याच नाहीत.

१९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतली दीक्षा घेऊन व्यंकटेश खेडगीकरांचे रामानंद तीर्थ झाले. आपल्याकडे संन्यास घेतला की माणूस गाव सोडतो, हिमालयाकडे तोंड करतो. स्वामीजी दुसऱ्या दिवशीही शाळेतच होते. भगव्या वस्त्रातला हा मुख्याध्यापक मुलांना इतिहास शिकवत राहिला. १९३५ साली ते मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला गेले आणि तिथे योगेश्वरी नूतन विद्यालय त्यांच्या हाताखाली उभे राहिले. मराठवाड्यातील पुढच्या दोन पिढ्यांचे कितीतरी कार्यकर्ते हिप्परगा आणि अंबाजोगाई या दोन गावांतून निघाले. त्यांना राज्यकारभार, प्रजा, हक्क, कायदा हे शब्द प्रथम मराठीतून कळले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. जो शब्द आपल्या भाषेत कळतो त्याच्याबद्दल माणूस प्रश्न विचारतो. परक्या भाषेतला शब्द तो नुसता पाठ करतो.

शाळेतून चळवळीत जाण्याचा रस्ता परतूरवरून गेला. संस्थानात सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागे. गश्ती निशान ५३ या नावाने ते परिपत्रक बदनाम होते. राजकीय पक्ष काढणे तर दूरच. मग लोकांनी भाषेच्या नावाने परिषदा भरवायला सुरुवात केली. तेलुगू लोकांची आंध्र महासभा आधीच उभी राहिली होती. मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली आपल्या परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. कानडी भागातही अशीच परिषद उभी राहिली. मातृभाषेतून शिक्षण, नागरी स्वातंत्र्य आणि जबाबदार राज्यपद्धती या मागण्या या तिन्ही व्यासपीठांवरून होऊ लागल्या. मातृभाषेची मागणी पहिली आणि सौम्य वाटणारी, पण बाकीच्या दोन्ही मागण्या तिच्याच पोटातून येत होत्या. ज्या भाषेत लोकांना बोलता येते ती भाषा दरबारात आली की लोकही दरबारात येतात, हे निजामाच्या अधिकाऱ्यांना चांगले कळत होते.

पण या परिषदांच्या जन्मकथेत आपल्याला, म्हणजे मराठी माणसांना, मान खाली घालायला लावणारा एक प्रसंग आहे. तो सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. १९२१ च्या नोव्हेंबरात हैदराबादेत समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी पाचच वर्षांपूर्वी मातृभाषेतून शिकवणारे महिला विद्यापीठ काढले होते. परिषदेत भाषणे इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. आलमपल्ली वेंकट रामाराव हे तेलुगू वकील आपल्या भाषेत बोलायला उभे राहिले तेव्हा मात्र सभेत हुर्यो उडाली. संस्थानात सर्वांत जास्त लोक जी भाषा बोलत होते, तिची टवाळी झाली. आणि टवाळी करणाऱ्यांत कचेरीत स्वतः मुके असणारे मराठी लोकही होते. त्या अपमानातून तेलुगू तरुणांची संघटना निघाली आणि तिचीच पुढे आंध्र महासभा झाली. मान्यता नसलेल्या भाषेचा माणूस दुसऱ्या मान्यता नसलेल्या भाषेला किती सहज हसतो, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

स्वामीजींचे मोठेपण या पार्श्वभूमीवर पाहावे. १९३८ साली त्यांनी शाळा सोडली, ते महाराष्ट्र परिषदेचे सरचिटणीस झाले आणि हैदराबादला जाऊन राहिले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले आणि ती जन्मण्याआधीच सप्टेंबरात तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीनंतर दुसरी तुकडी स्वामीजींची. त्यांना शिक्षा झाली. त्याच सुमारास वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाच्या मराठी, तेलुगू, कानडी विद्यार्थ्यांवर कारवाई झाली आणि शेकडो मुलांना नागपूरसारख्या बाहेरच्या विद्यापीठांचा आसरा घ्यावा लागला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. स्वामीजींना गुरुस्थानी मानणाऱ्या या तरुणाची मातृभाषा तेलुगू होती, हे ध्यानात घ्यावे. स्वामीजींचा शिष्यवर्ग कोणा एका भाषेचा नव्हता.

स्टेट काँग्रेसवरची बंदी १९४६ पर्यंत टिकली. ती आठ वर्षे राजकारण जिवंत ठेवले ते भाषावार परिषदांनी. पक्षाचे नाव घेता येत नव्हते, पण मराठीचे, तेलुगूचे, कानडीचे नाव घेता येत होते. स्वामीजी या काळात तुरुंगात जात होते, सुटत होते, पुन्हा जात होते. परिषदेत मवाळ आणि जहाल असे दोन तट पडले तेव्हा ते जहालांचे पुढारी होते. सरकार देईल तेवढ्या सुधारणा पदरात पाडून घ्याव्यात असे मवाळांना वाटे. त्यांना सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. शाळा, ग्रंथालये आणि वृत्तपत्रे उभी करण्यात त्यांचा वाटा मोठा होता. स्वामीजींचा मुद्दा वेगळा होता. राज्यकर्त्याने मेहेरबानी म्हणून दिलेली भाषेची मान्यता तो उद्या काढूनही घेईल. राज्य लोकांचे झाले तरच भाषा लोकांची राहील. म्हणून त्यांनी भाषेची मागणी कधीही एकटी मांडली नाही.

आणि त्यांनी उर्दूचा द्वेषही केला नाही. रझाकारांचे अत्याचार वाढले, जातीय विष पसरले, त्या दिवसांत हे फार कठीण होते. उर्दू म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे निजाम असे सोपे समीकरण मांडून टाळ्या मिळवता आल्या असत्या. पण स्टेट काँग्रेस ही सर्व धर्मांच्या प्रजेची संघटना राहिली पाहिजे यावर ते ठाम होते. उर्दू ही हैदराबादच्या गल्लीबोळांतली, हिंदूंच्या घरांतलीही भाषा होती. भांडण उर्दूशी नव्हते. इतर तीन भाषांना दाराबाहेर उभे करणाऱ्या व्यवस्थेशी होते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर जैसे थे करार झाल्यावर ते सुटले, जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा पकडले गेले. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १५ तारखेला त्या जालन्यात होत्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली आणि स्वामीजींची सुटका झाली. इथे बहुतेक चरित्रे शेवटाकडे वळतात. भाषेच्या दृष्टीने मात्र कथेतला अवघड भाग इथून सुरू होतो.

निजाम गेला, उर्दूचे आसन गेले. त्या आसनावर मराठी, तेलुगू, कानडी बसल्या का? नाही. तिथे इंग्रजी येऊन बसली. आधी लष्करी प्रशासन आणि मग बाहेरच्या प्रांतांतून आलेले अधिकारी यांचा कारभार इंग्रजीत चालू झाला. उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम सोडले आणि इंग्रजी घेतले. तीस वर्षे खपून तयार केलेली शास्त्रांची परिभाषा, भाषांतरित पुस्तके, एका भारतीय भाषेतून वैद्यक शिकवण्याचा अनुभव, हे सारे बाजूला पडले. ते मराठी आणि तेलुगूच्या कामी आणता आले असते. तसे झाले नाही. एका भारतीय भाषेचा पराभव दुसऱ्या भारतीय भाषेचा विजय असतो, ही समजूत किती फसवी आहे ते त्या वेळी दिसले.

स्वामीजींनी यावर जो मार्ग धरला तो त्यांना फार महाग पडला. हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तीन भाग करावेत आणि प्रत्येक भाग आपापल्या भाषेच्या राज्यात जावा, अशी भूमिका त्यांनी घेतली. पंडित नेहरूंना हैदराबादचे विभाजन पसंत नव्हते. अनेक भाषांचे लोक एकत्र नांदतात असा हा नमुना टिकावा असे त्यांना वाटे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. शिवाय ज्या संघटनेचे स्वामीजी सर्वोच्च नेते होते, तिचा आधारच हे राज्य होता. राज्य मोडले की त्यांचे राजकीय घर मोडणार होते. १९५२ साली ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले होते, १९५७ साली औरंगाबादेतून गेले. भाषावार राज्यांत मात्र त्यांच्यासारख्या तिन्ही भाषांच्या माणसाला हक्काचा मतदारसंघ उरत नाही. हे त्यांना कळत नसेल असे कसे म्हणावे? तरीही ते आपल्या भूमिकेवरून हलले नाहीत. आपल्या नेतेपणापेक्षा लोकांच्या भाषेतला कारभार त्यांनी मोठा मानला.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ साली आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्र प्रदेशात आणि कानडी जिल्हे म्हैसुरात गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. काही कामे मात्र इंग्रजीतून चालू ठेवण्याची सवलत राहिली. १९६६ च्या नियमांत त्यांना वर्जित प्रयोजने असा भारदस्त शब्द आहे. उच्च न्यायालयाची भाषा संविधानाप्रमाणे इंग्रजीच राहिली. अशा रीतीने परतूरच्या व्यासपीठावरून मागितलेली मान्यता सत्तावीस वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आली, आणि इंग्रजीच्या शेजारी बसली.

सार्वजनिक सत्तेपासून स्वामीजी हळूहळू दूर होत गेले होते. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० साली त्यांच्या पुढाकाराने निघाले. नरहर कुरुंदकर तिथेच शिकवत आणि पुढे तिथेच प्राचार्य झाले. खादी, शिक्षण, भूदान या कामांत त्यांचा उत्तरकाळ गेला. १९६७ साली त्यांचे मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले, ते इंग्रजीत. यात विसंगती शोधणारे शोधोत. मला वाटते, ज्या तीन भाषांच्या सहकाऱ्यांबरोबर ते लढले, त्या सर्वांपर्यंत एकदम पोचायला त्यांना दुसरे साधन उरले नव्हते. ते इंग्रजीचे शत्रू कधीच नव्हते. इंग्रजी येणाऱ्या मूठभरांचे राज्य त्यांना नको होते, इतकेच. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. ज्या राज्याचे तीन भाग व्हावेत म्हणून ते झगडले, त्या राज्याची जुनी राजधानी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांची समाधी बेगमपेठेत आहे.

आता आपल्याकडे वळू. मी आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली बरीचशी ग्रामीण शाखांत. पीककर्जासाठी येणारा शेतकरी सात-बारा आणायचा तो मराठीत. बेबाकी प्रमाणपत्र आणायचा तेही मराठीत. त्यानंतर त्याच्यापुढे आम्ही जो करारनामा ठेवायचो, तो छापील इंग्रजीत असे. पानामागून पाने. शेवटी एक ओळ असे: वरील मजकूर कर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आहे. त्या ओळीखाली सही किंवा अंगठा. समजावून सांगणारे होते, न सांगणारेही होते. बाहेर रांग असे आणि घड्याळ धावत असे. पैसे भरण्या-काढण्याच्या पावत्या तीन भाषांत आल्या होत्या, ही चांगलीच गोष्ट. पण ज्या कागदावर माणसाची जमीन गहाण पडते, तो कागद त्याला वाचता येत नव्हता. निजामाच्या कचेरीतला उर्दू कागद आणि हा कागद यांत त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने फरक कोणता? राजभाषा म्हणून कायद्यात नाव येणे आणि माणसाच्या सहीवर त्याच्या भाषेचा उजेड पडणे, यांत एवढे अंतर आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दिवस स्वामीजींच्या जन्माचा होता, हा योगायोग फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. दर्जा मिळाला याचा आनंद आहेच. त्या आनंदात आपली मुले इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवून आपण मराठीचा जयजयकार करतो, हेही खरे. आईबापांना दोष देऊन भागणार नाही. ज्या भाषेत नोकरी, औषधाची चिठ्ठी, विम्याचा कागद आणि वरिष्ठ कोर्टाचा निकाल येतो, त्या भाषेकडे लोक जाणारच. निजामाच्या राज्यात ते उर्दूकडे गेले, आज इंग्रजीकडे जातात. लोकांनी मराठीकडे यावे असे वाटत असेल तर ते कागद मराठीत आणले पाहिजेत.

आणि दुसरी गोष्ट, जी १९२१ च्या त्या सभेने शिकवली पाहिजे. आज या जिल्ह्यात मराठी ही राज्यकर्ती भाषा आहे. परतूर, मंठा, घनसावंगीच्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. तिचे नाव संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. तांड्यावरचे सहा वर्षांचे मूल पहिलीत येते तेव्हा त्याला मराठी ही तितकीच नवी असते, जितकी आपल्या पणजोबांना कचेरीतली उर्दू. लहान मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे १९५६ मध्ये संविधानात घातलेले ३५० अ हे कलम सांगते. जालन्याच्या जुन्या मोहल्ल्यांत उर्दू शाळा आहेत. एकेकाळच्या दरबारी भाषेला आज आपल्यापुढे हात पसरावा लागतो. ज्या भाषेचे कागद वाचायला माणसे मिळेनात म्हणून परवा आपणच हवालदिल झालो, तिच्या शाळेत शिक्षक पुरेसे आहेत की नाहीत याची चौकशी करण्यात आपलाही स्वार्थ आहे.

स्वामीजींनी मराठीसाठी मागितले तेवढेच तेलुगूसाठी आणि कानडीसाठी मागितले, आणि ते मिळाले तेव्हा स्वतःचे घर मोडू दिले. त्यांच्या तसबिरीला हार घालण्याचा अधिकार आपल्याला आहे. त्यासाठी कचेरीत गोरमाटीत बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कोणी हसणार नाही, आणि बँकेतल्या शेतकऱ्याला सही करण्याआधी आपला कागद आपल्या डोळ्यांनी वाचता येईल, एवढी तजवीज आधी झाली पाहिजे.